बटण दिलं, कागद दिला नाही

दोस्तहो, आधीच सांगून टाकतो. मी इंजिनियर नाही. मॅट्रिक आहे. गोदीत कंत्राटावर हमाली करतो आणि रात्री कविता लिहितो. हुक धरणाऱ्या हातानं संगणकाबद्दल काय लिहायचं, म्हणून कुणा पांढरपेशा विद्वानाच्या पोटात दुखणार असेल तर त्यानं खुशाल दुखून घ्यावं. मला जे कळलं ते मी रोज बुडवून कळवून घेतलंय. फुकट कुणी शिकवलेलं नाही.

गोष्ट एका बटणाची आहे. 'डाउनलोड' असं लिहिलेल्या निळ्या बटणाची.

गेल्या साली माझ्या धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. सरकारी कॉलेजात. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिली. आईनं गल्लीत साखर वाटली. आता एकच काम उरलं होतं. नंबर लागल्याचं पत्र साइटवरून उतरवायचं, प्रिंट काढायची आणि शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात हजर व्हायचं. पत्र नाही तर प्रवेश नाही. नियम म्हणजे नियम.

घरात धड चालणारा फोन एक. त्यावर त्या कचेरीचंच ॲप टाकलेलं. बहिणीनं बटण दाबलं. चाक फिरलं, थांबलं. पुढं काही नाही. चूक दाखवणारी लाल ओळ नाही, फाईल नाही, काही नाही. परत दाबलं. परत तेच. वीसएक वेळा दाबून ती रडकुंडीला आली. "दादा, हे होतच नाहीये रे." मी पाळीवरून आलेलो, अंगावर अजून सिमेंटची धूळ. मीही दाबलं. माझ्या अंगठ्यालाही त्या बटणानं भीक घातली नाही.

मदतीच्या नंबरावर पाऊण तास लटकलो. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "सर, आमच्याकडून सर्व ओके आहे. तुमच्याकडून काहीतरी चुकतंय. कॅशे क्लियर करा. लॅपटॉपवरून ट्राय करा." लॅपटॉपवरून! जसा काही आमच्या मोरीत लॅपटॉपच पडलेला असतो.

दुसऱ्या दिवशी रोज बुडवून तिला सायबरवाल्याकडे नेलं. तिथं पंधरा-वीस पोरंपोरी रांगेत. सायबरवाल्यानं साइट उघडली, वरच्या चौकटीत फेरी निवडली, खाली पत्राची चौकट आली, तिच्यात बटण आलं. त्यानं दाबलं. ढिम्म! तो म्हणाला, सर्व्हर डाउन आहे, थांबा. आम्ही थांबलो. रांगही थांबली. पाच वाजले. जागा गेली. सर्व्हर डाउन नव्हता हे मला नंतर कळलं. तो ठणठणीत उभा होता.

मला राग कुठं काढावा ते कळेना. मुकादमानं शिवी दिली तर त्याचं तोंड समोर असतं. बटणाला तोंड नाही.

आमच्या गल्लीतला एक पोरगा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत जातो. आपलाच. रविवारी त्याला धरून बसवला. म्हटलं, मला सगळं उकलून दाखव. त्यानं बहिणीचं खातं लॅपटॉपवर उघडलं, एफ-१२ दाबलं, बाजूला एक खिडकी आली. नेटवर्क नावाच्या रकान्यात प्रत्येक मागणीची एक ओळ पडते. काय मागितलं, काय आलं, किती आलं. आमच्या गोदीतल्या टॅली क्लार्कच्या वहीसारखंच. मला ते बघताक्षणी कळलं.

पान नुसतं उघडून, कशाला हात न लावता त्यानं बटण दाबलं. फाईल उतरली! बहिणीचं पत्र. माझ्या डोळ्यांसमोर. आठवडा उशिरा. मग त्यानं सायबरवाल्यानं केलं होतं तसं केलं. वरची फेरी बदलली, परत पहिलीच निवडली आणि दाबलं. ढिम्म. टॅलीच्या वहीत एक ओळसुद्धा नाही. म्हणजे मागणी कचेरीपर्यंत गेलीच नाही. सर्व्हरला पत्ताच नव्हता की शिवडीच्या झोपडपट्टीतली एक पोरगी त्याचं दार ठोठावतेय.

का? ऐका. वाटतं तितकं अवघड नाही.

पूर्वी वेबचं पान अख्खं यायचं आणि अख्खं जायचं. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक सोय आली. पान जागच्या जागी राहतं आणि त्यातला लहान प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, गुपचूप सर्व्हरकडे मागणी करून पानाचा एखादाच तुकडा बदलते. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट या माणसानं या पद्धतीला एजॅक्स असं नाव दिलं आणि सगळीकडे तिचा बोलबाला झाला. चीज वाईट नाही. पान लुकलुकत नाही, डेटा वाचतो. पण पानाचा तुकडा मागाहून येतो, तेव्हा त्याच्याबरोबर आलेलं बटण हे नवं बटण असतं. दिसायला जुळं, पण नवं. ज्या कारागिरानं पान उघडताना त्या वेळच्या बटणाला सांगून ठेवलं की 'तुला दाबलं की हे काम कर', त्याचं सांगणं जुन्या बटणाबरोबर कचऱ्यात गेलं. नव्याला कुणी काही सांगितलेलंच नाही. पाळी बदलली, नवा हमाल आला, मुकादमानं त्याला काम सांगितलंच नाही, तर तो बिचारा हुक खांद्यावर टाकून उभा राहणार. दोष हमालाचा की मुकादमाचा?

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. काम बटणाला सांगायचं नाही, बटण ज्या चौकटीत येतं-जातं त्या चौकटीला सांगायचं. आतलं कुठलंही बटण दाबलं की टिचकीची बातमी वर चौकटीपर्यंत जाते. चौकट बघते कोण दाबलं आणि काम करते. याला ईव्हेंट डेलिगेशन म्हणतात. बटण शंभर वेळा बदला, चौकट शाबूत. जेक्वेरीमध्ये ही सोय २०११ पासून 'ऑन' या नावानं आहे. म्हणजे कुणाला नव्यानं शोध लावायचा नव्हता. फक्त एकदा फेरी बदलून बटण दाबून बघायचं होतं. तेवढंही कुणी केलं नाही.

आता फोनवरचं दुखणं. ते वेगळं. तिथं मागणी गेली होती, मालही आला होता, तरी हातात काही नाही.

हे समजायला गोदीतच यावं लागतं. बोट धक्क्याला लागली म्हणजे माल व्यापाऱ्याच्या गोदामात पोचला असं होत नाही. माल बोटीतून उतरतो, शेडमध्ये पडतो, मोजला जातो, गेटपास निघतो आणि मग गेटवरचा शिपाई लॉरी सोडतो. गेटपास नसला तर शेडमध्ये पोलादाच्या कॉइलींचा डोंगर असू दे, बाहेर खिळासुद्धा जात नाही.

ब्राउझरचं तसंच. साध्या लिंकवर टिचकी मारली की ब्राउझर स्वतः सर्व्हरकडे जातो. सर्व्हर फाईलीबरोबर एक चिठ्ठी लावतो. चिठ्ठीचं नाव कंटेंट-डिस्पोझिशन. तिच्यावर 'अटॅचमेंट' लिहिलेलं असलं की ब्राउझर समजतो, हे दाखवायचं नाही, गोदामात टाकायचं. गोदाम म्हणजे फोनमधला डाउनलोडचा फोल्डर. ही चिठ्ठी मुळात ई-मेलची, १९९० च्या दशकातली. वेबसाठी तिचे नियम २०११ साली आरएफसी ६२६६ मध्ये नीट लिहून ठेवलेत. लिंक आणि चिठ्ठी एवढ्यावर काम भागतं. पान जागचं हलतही नाही.

पण मागणी स्क्रिप्टनं केली की माल ब्राउझरच्या गोदामात जातच नाही. तो स्क्रिप्टच्या हातात पडतो. मेमरीत. शेडमध्ये. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो, वाचणारा शिपाई त्या वाटेवर नसतो. टॅलीच्या वहीत ओळ पडते, पुढं आकडा २००. २०० म्हणजे सर्व ठीक. गोड आवाजवाली 'आमच्याकडून ओके' म्हणत होती ते यालाच. तिच्या वहीत माल रवाना झालाय. आमचे हात रिकामे.

मग कारागिराला पुढची हमाली स्वतः करावी लागते. आलेल्या बाइटांचा एक गठ्ठा बांधायचा. त्याला ब्लॉब म्हणतात. गठ्ठ्याला तात्पुरता पत्ता द्यायचा, अदृश्य लिंक बनवायची, तिला डाउनलोडची खूण आणि फाईलचं नाव लावायचं, स्क्रिप्टनंच तिच्यावर टिचकी मारायची, काम झाल्यावर पत्ता पुसायचा. एवढं केलं की ब्राउझरमध्ये फाईल उतरते. पण हा पत्ता खरा पत्ता नव्हे. तो त्या पानाच्या पोटातच खरा. बाहेरच्या कुणाला तो सांगून उपयोग नाही.

आणि ॲप म्हणजे काय होतं? ऐरोलीवाला म्हणाला, बहुतेक हे ॲप नाहीच. ही वेबसाइटच आहे, वर ॲपची चौकट ठोकलीय. ॲन्ड्रॉइडमध्ये या चौकटीला वेबव्ह्यू म्हणतात. ती दिसायला ब्राउझरसारखी, पण तिला आपणहून डाउनलोड करता येत नाही. ॲप बांधणाऱ्यानं वेगळं सांगावं लागतं की, फाईल आली तर तिचं काय करायचं. त्यानं सांगितलं आणि काम फोनच्या डाउनलोड मॅनेजरकडे सोपवलं, तरी डाउनलोड मॅनेजरला खरा वेबपत्ता लागतो. ब्लॉबचा पोटातला पत्ता तो घेत नाही. त्यानं रात्रभर बसून एक चिमुकलं ॲप बांधलं, त्यात तीच साइट बसवली आणि मला दाखवलं. बटण दाबलं. वहीत २००. फोल्डर रिकामा. हुबेहूब आमच्या फोनसारखं.

मी त्याला विचारलं, "मग हे लोक साधी लिंक का देत नाहीत?"

तो हसला. म्हणाला, "कंपनीत तीन उत्तरं मिळतात."

ती तिन्ही उत्तरं मी इथं ठेवतो आणि फोडतो.

पहिलं उत्तर सुरक्षेचं. म्हणे, पत्र ज्याचं त्यालाच मिळालं पाहिजे, म्हणून ओळखीचा टोकन स्क्रिप्टनंच मागणीवर लावावा लागतो, साध्या लिंकला तो लावता येत नाही. अर्धं खरं आहे. स्क्रिप्ट मागणीच्या कपाळावर जो टोकन लावते तो साधी लिंक लावत नाही. पण कुकीवर चालणारी ओळख लिंकबरोबर आपोआप जाते. आणि कुकी नको असेल तर स्क्रिप्टनं आधी मिनिटभर चालणारा, एकाच फाईलचा पास मागावा आणि त्या पासाचा खरा पत्ता ब्राउझरला द्यावा. गोदीत रोज हजारो टन माल असाच जातो. गेटपासावर गाडीचा नंबर, तारीख, माल. तो पास दुसऱ्याच्या कामाचा नाही. सुरक्षा आणि साधेपणा यांचं भांडण आहे असं सांगणारा आळशी तरी असतो नाहीतर लबाड.

दुसरं उत्तर पान हलू नये याचं. ते मघाशीच मेलं. अटॅचमेंटची चिठ्ठी असली की पान हलत नाही.

तिसरं उत्तर असं : "बहुतेकांना मिळालं ना पत्र? मग साइट बरोबरच आहे."

याच उत्तरासाठी मी लेखणी उचललीय. बहुतेक म्हणजे कोण? ज्यांच्या घरी लॅपटॉप होता ते. ज्यांनी कशाला हात न लावता बटण दाबलं ते. ज्यांचा मामा बँकेत, काका मंत्रालयात, ज्यांना एका वाटेनं नाही तर दुसऱ्या वाटेनं आत शिरता येतं ते. उरलेले कोण? एक फोन, त्यात कचेरीनंच घ्यायला लावलेलं ॲप, मेमरी भरलेली, महिन्याचा डेटा संपत आलेला. ते सायबरवाल्याच्या रांगेत होते. मी बघितलेत. मी नावं विचारली नाहीत, पण वस्त्या ओळखतो.

इथं मी माझ्याच काही दोस्तांशी भांडतो. त्यांना प्रत्येक बिघाडामागं बामणी कावा दिसतो. कावा असतो तिथं मीही शिव्या घालतो. पण हा बिघाड कुणी ठरवून केलेला नाही. त्या बटणाचा कोड कदाचित आपल्याच एखाद्या पोरानं लिहिला असेल, घाईत, मॅनेजर डोक्यावर बसलेला असताना. बिघाडाला जात नाही. पण बिघाडाचा मार पडतो तो जात बघून पडतो. ज्याच्याकडे दुसरी वाट आहे त्याला तो नुसता त्रास वाटतो. ज्याच्याकडे नाही त्याचं वर्ष जातं. आणि मार कुणावर पडतोय याची वही ठेवायची गरज कुणालाच वाटत नाही, कारण त्यांच्या वहीत २०० पडलेलं असतं.

महाडची आठवण करून देतो. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं ओके. आणि तळ्याचं पाणी? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह जाऊन ते ओंजळीत घेईपर्यंत ठराव ठरावाच्या जागी आणि तळं तळ्याच्या जागी होतं. त्यानंतर कोर्टात हक्क शाबीत व्हायला १९३७ उजाडलं. बटणासाठी कुणी आपली डोकी फोडली नाहीत, हे मला कळतं. महाडची बरोबरी मी करत नाही. पण ठराव वेगळा आणि ओंजळ वेगळी, हे आपल्याला महाडनं शिकवलंय. सर्व्हरनं पाठवलं हा ठराव झाला. फोल्डरमध्ये फाईल ही ओंजळ. आम्ही ओंजळ मोजणार.

आता आपल्या पोरांना, ऐरोली, हिंजवडी, बंगळूर इथं गळ्यात पट्टा अडकवून कोड लिहिणाऱ्या पोरांना सांगतो. जयंतीला डीजे लावता, वर्गणी देता, ठीक आहे. पण तुमच्या हातात हुकापेक्षा मोठं हत्यार आहे. ते नीट चालवा. कागद देणारं बटण खऱ्या पत्त्याची साधी लिंक करा आणि सर्व्हरवर चिठ्ठी लावा. तुकडा मागाहून येत असेल तर काम चौकटीला सांगा. ब्लॉब करावाच लागला तर आधी बघा सर्व्हरनं पत्रच पाठवलंय की चुकीचा निरोप पाठवलाय. नाहीतर निरोपालाच पीडीएफचं नाव लागतं आणि 'फाईल खराब आहे' म्हणून पोरगी दारोदार फिरते. फाईल दुसऱ्या डोमेनवर असेल तर नुसत्या डाउनलोडच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. ब्राउझर ती खूण तिथं मानत नाही. जुन्या एएसपी डॉट नेटच्या साइटी तुमच्या गळ्यात असतील तर अपडेट-पॅनेलच्या आतलं बटण पोस्टबॅक-ट्रिगरमध्ये नोंदवा. तुकड्यातुकड्यानं येणारा जबाब वाचणाऱ्याला मधेच पीडीएफ आली की तो गडबडतो आणि पानच अडकतं. आणि फाईल उतरली नाही तर पडद्यावर तसं लिहा. मराठीत लिहा. मुकं बटण ही सगळ्यात मोठी शिवी आहे. सगळ्यात शेवटी, तुमचं काम सगळ्यात स्वस्त फोनवर, ॲपच्या चौकटीत, स्वतःच्या आईच्या हातानं दाबून बघा. मॅनेजर म्हणेल वेळ नाही. त्याला माझा नंबर द्या.

आणि बाकीच्यांना. आपल्याला. 'तुमच्याकडून चुकतंय' हे वाक्य गिळायचं बंद करा. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हेच सांगितलं गेलं, चूक तुमचीच, तुमच्या जन्माची, तुमच्या बोटांची. ॲपमध्ये होत नसेल तर तेच पान साध्या ब्राउझरमध्ये उघडा. पान पुरतं ताजं करून, कशाला हात न लावता एकदा दाबा. तरी नाही झालं तर पडद्याचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा आणि कचेरीत लेखी अर्ज द्या. पोच घ्या. सायबरवाल्याच्या रांगेत पंधरा जण असाल तर पंधरा सह्या एकाच अर्जावर घ्या. त्या दिवशी आम्ही पंधरा-वीस जण एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, बिघाड आपल्या एकट्याच्याच नशिबात आहे. आम्ही एकमेकांशी बोललो असतो तरी पाचच्या आत कळलं असतं. ती चूक मात्र आमची.

बहिणीनं यंदा फॉर्म परत भरलाय. ती दिवसा शिवणकाम करते, रात्री अभ्यास. पत्र आलं की परत एक निळं बटण येईल. या वेळी मी बाजूला बसणार, एफ-१२ दाबून टॅलीची वही उघडणार. ओळ पडली की नाही ते बघणार. पडली तर माल कुठल्या शेडमध्ये अडकला ते विचारणार. आणि तिच्या हातात कागद पडल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.

हुकवाले आलेत. शेड उघडा.

जय भीम.